साळवण्यांचं देवक

“आबा, हे लगीन हुयाचं न्हाई,” यल्लाप्पा हेळवी म्हणाला आणि त्यानं मांडीवरची वही मिटली.

आमच्या सोप्यात आम्ही तिघंच होतो. आबा, म्हणजे माझे वडील, जोत्यावर बसलेले. मी खांबाला टेकून. समोर घोंगड्यावर यल्लाप्पा. बाहेर त्याचा बैल गळ्यातली घंटा वाजवत आमचा कडबा खात होता. माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि पत्रिका छापायला गेल्या होत्या.

“का हुयाचं न्हाई?” आबांनी विचारलं.

“देवक एक निघतंय. येळवड्याच्या धुमाळ्यांचं मर्यादवेल. तुमचं साळवण्यांचं बी मर्यादवेल. एका देवकाची माणसं म्हंजे भाऊ-भण. मी सांगायचं काम केलं, आता तुमचं तुमी बगा.”

आबांचा चेहरा उतरला. देवक म्हणजे घराण्याची खूण. कुणाची कळंबाची फांदी, कुणाचं सूर्यफूल, कुणाची तलवारीची धार. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आणून मांडवात पुजायची, आणि दोन घरांची खूण एक निघाली की सोयरीक बंद. आमच्या घरात मात्र आपली खूण कोणती हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आजोबांच्या लग्नापासून पाच झाडांचे डहाळे आणायचे, त्याला पंचपल्लव म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची, असं चाललेलं. पण धुमाळे पडले रीतीभातीचे. त्यांनी साखरपुड्यात आपलं मर्यादवेल सांगितलं आणि विचारलं, “आबा, तुमचं देवक काय?” आबा तिथं अडखळले. तेव्हापासून ते हेळव्याची वाट बघत होते, कारण आमची वंशावळ असलेली वही त्याच्याकडे. चार-पाच वर्षांतून एकदा तो बैलावर बसून यायचा, सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवायचा, सूपभर ज्वारी आणि जुनं धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा.

“आणि माझ्या लग्नात रे? तेव्हा का नाही बोललास?” मी विचारलं.

“तवा कुणी इचारलं न्हाई, मास्तर.”

मला त्याच क्षणी संशय आला. लपवत नाही, मी स्वभावानंच संशयी. तालुक्याच्या हायस्कूलमध्ये मी चित्रकलेचा मास्तर होतो. वर्गातला रंगीत खडू हरवला तर चाळीस पोरांचे खिसे उलटे करायचो, आणि खडू माझ्याच टेबलाच्या खणात सापडला तरी तो तिथं कुणी ठेवला याची चौकशी करायचो. माझी बायको सुगंधा म्हणते, “ह्यांना देवानं प्रसाद दिला तर हे देवाला आधी तू खाऊन दाखव म्हणतील.”

त्यात हे स्थळ मी आणलेलं. मुलगा साखर कारखान्यात कारकून, घरी वीस एकर बागाईत, दारात ट्रॅक्टर. शालन मॅट्रिक झाली होती. माघ महिन्यात तिला मिरजेहून नर्सिंगच्या शिक्षणासाठी पत्र आलं होतं. आबांनी ते वाचून तुळईच्या फटीत खोचलं. मी म्हणालो, लग्न झाल्यावर सासरच्यांना विचारून बघू. विषय संपला. एकोणतिसाव्या वर्षी असं तालेवार स्थळ जमवलं म्हणून मी गावात जरा छाती काढूनच फिरत होतो, आणि हा बैलावरचा माणूस येऊन सगळ्यावर पाणी ओतत होता.

“वही दाखव,” मी म्हणालो.

यल्लाप्पानं वही छातीशी धरली. “वही दुसऱ्याच्या हातात देत न्हाई, मास्तर. आमच्यात रीत न्हाई.”

तेवढ्यात शालननं चहा आणून ठेवला. ती रडवेली झाली असणार असं मी धरून चाललो. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मारुतीच्या देवळात गेलो. यल्लाप्पाचा मुक्काम तिथंच असायचा. लांबूनच दिसलं की पारावर त्याच्या शेजारी हिंदुराव बसलाय. हिंदुराव माझा चुलतभाऊ. त्याला शालन आपल्या मेव्हण्यासाठी हवी होती आणि आबांनी नाही म्हटलं होतं. दोघं डोक्याला डोकं लावून बोलत होते. हिंदुरावनं कनवटीची तंबाखू काढून त्याला दिली. मला बघताच तो उठला आणि “ये, उत्तम,” असं म्हणून तरातरा निघून गेला. माझ्या मनात दोन अधिक दोन चार झाले.

“किती ज्वारी कबूल केली त्यानं?” मी यल्लाप्पाला थेटच विचारलं.

“कुणी?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. हिंदुरावनं.”

यल्लाप्पा हसला नाही, चिडलाही नाही. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “मास्तर, आसंच ऱ्हाऊ द्या की. ह्यात कुणाचा आपमान न्हाई. पोरीत खोट निघाली न्हाई, पोरात निघाली न्हाई. कुणी शबुद फिरवला न्हाई. देवकच एक निघालं म्हटल्यावर दोन्ही घरं हात जोडून गप बसत्यात. दुसऱ्या कुठल्या कारणानं सोयरीक मोडली आस्ती तर डोसकी फुटली आस्ती.”

मला हे चोराचं बोलणं वाटलं. एवढं समजावून कोण सांगतो? ज्याला मिटवायचं असतं तो.

वही त्याच्या मांडीशी फडक्यावर उघडीच होती. वाऱ्यानं पान उलटलं आणि एका दृष्टिक्षेपात मला दिसायचं ते दिसलं. पान जुनं, चहाच्या डागासारखं तपकिरी. त्यावरची मोडी अक्षरंही पिकून तपकिरी झालेली. पण खालच्या कोपऱ्यात काढलेली वेल काळीकुट्ट. गावात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून नावांखाली देवकाचं चित्र काढायची यल्लाप्पाच्या घराण्याची पद्धत होती. अक्षर जुनं आणि चित्र नवं! यल्लाप्पानं झटकन वही मिटली.

“पाच माणसांसमोर मागितली तर देशील?” मी विचारलं.

त्यानं वही फडक्यात गुंडाळली. मग म्हणाला, “पाच मान्सांत मागितल्यावर न्हाई म्हणता येत न्हाई. पर मागू नका, मास्तर. पाया पडतो.”

मी हिंदुरावच्या गोठ्यात गेलो. तो धार काढत होता. त्याला म्हणालो, तुझं सगळं माझ्या ध्यानात आलंय, हेळव्याच्या वहीत खोटं चित्र तू काढून घेतलंस.

हिंदुराव चरवी बाजूला ठेवून उभा राहिला. “आरं, मी त्याला काय म्हणत हुतो ठावं हाय का? म्हणत हुतो, काय तरी तोड काढ, दान घाल, आभिषेक सांग, पर आमच्या पोरीचं मोडू नगंस. तुझ्या डोसक्याला औषिद न्हाई, उत्तम!”

“मग मला बघून पळालास का?”

“तुला बघून कोण पळत न्हाई?” तो म्हणाला आणि पुन्हा धारेला बसला.

माझा विश्वास बसला नाही. मी त्याच दिवशी येळवड्याला सायकल मारली. मुलाच्या चुलत्यांना, तात्या धुमाळ्यांना, सांगितलं की उद्या या, हा बनाव मी तुमच्यासमोर उघडा पाडतो. तात्या भला माणूस. म्हणाले, “मास्तर, तसं झालं तर तुमच्या तोंडात साखर. आमच्या घरात पोरगी समद्यांना पसंत हाय.”

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आबांना हायसं वाटलं. सुगंधा भाकरी थापत होती. शालन चुलीपुढं बसली होती. ती एवढंच म्हणाली, “दादा, हेळवी मामांना काय करतील?”

“काय करतील म्हणजे? पंचक्रोशीत कुणी दारात उभं करणार नाही. पोट बंद होईल त्याचं. खोटं बोलताना विचार करायचा होता.”

ती लाकडं मागंपुढं सारत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात माणसं जमली. तात्या धुमाळे आणि त्यांचा एक भाऊ, गावातले दोन म्हातारे, आबा, एका कडेला तोंड फुगवून हिंदुराव. आतल्या दाराआड बायका. यल्लाप्पानं फडकं सोडलं, वही दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवली आणि हात जोडून खाली बसला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आता सांगायलाही लाज वाटते.

“हे बघा,” मी वर्गात बोलतो तसं बोलायला लागलो. “जुनी शाई कागदात मुरलेली असते. ओलं बोट फिरवलं तरी उठत नाही. नवी शाई लगेच पसरते. मी आता या चित्रावर ओलं बोट फिरवणार. शाई फुटली तर हे चित्र आठ दिवसांच्या आतलं आहे, आणि ते कुणी काढायला लावलं ते यल्लाप्पानं इथंच सांगायचं.”

“बरोबर हाय,” तात्या म्हणाले.

मी तांब्यात बोट बुडवलं. यल्लाप्पानं डोळे मिटून घेतले. मी वही गुडघ्यावर घेतली आणि आता पहिल्यांदाच ते चित्र नीट पाहिलं.

चित्र चांगलं होतं. नको तितकं चांगलं. जमिनीवर पसरलेली वेल, मधोमध चिरलेली जोडपानं, पानाच्या एका अंगाला बारीक तिरप्या रेघांनी दिलेली छाया. खेड्यात कुणी पान काढलं तर नुसती कड काढतं. छाया द्यायला शिकवावं लागतं. आणि त्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरत होत्या.

उजव्या हाताचा माणूस रेघा मारतो तेव्हा त्या उजवीकडून डावीकडे उतरतात. हात तसाच चालतो. उलट्या रेघा फक्त डावखुरा मारतो. मी हजारो चित्रवह्या तपासल्या होत्या, मला हे झोपेतही कळलं असतं. आणि आमच्या अख्ख्या गावात छाया द्यायला शिकलेलं डावखुरं माणूस एकच होतं. आईनं चापट्या मारून तिला उजव्या हातानं जेवायला लावलं, पण पेन्सिल काही तिनं डाव्या हातातून सोडली नाही. दिवाळीच्या सुट्टीत याच सोप्यात शेजारी बसवून मीच तिला शिकवलं होतं, की उजेड कुठून येतो ते आधी ठरव आणि मग रेघ मार.

बोटावरचं पाणी माझ्या धोतरावर टपकत होतं.

“काय झालं रं?” आबा म्हणाले. “फिरीव की बोट.”

तिनं हे का केलं असेल ते मला त्या घडीला कळलं नव्हतं. खरंच सांगतो, कळलं नव्हतं. एवढंच कळलं की बोट चित्रावर टेकवलं तर सगळ्यांदेखत माझ्या बहिणीचा हात धरला जाणार आहे. मी अंग पुढं झुकवलं, वही जरा माझ्याकडे कलती केली आणि ओलं बोट चित्राच्या बाजूला, आमच्या कुणा पूर्वजाच्या नावावर टेकवलं. चांगलं दाबून चोळलं. मग बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. पांढरं स्वच्छ.

“जुनीच शाई आहे,” मी म्हणालो. “चित्र खरं आहे. माझी चूक झाली.”

यल्लाप्पानं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

“तीन दीस समद्यांच्या जिवाला घोर लावलास,” आबा म्हणाले. “धुमाळ्यांना उन्हातानाचं बोलवून घेतलंस.”

“आन् माझं काय?” हिंदुरावनं विचारलं.

मी उठलो आणि भरल्या सोप्यात हिंदुरावपुढं हात जोडले. उभ्या आयुष्यात त्याच्यापुढं हात जोडले ते तेवढेच. त्यानंतर गावात कुणाचं काही हरवलं की पोरं म्हणायची, मास्तरांना बोलवा, ते बोट ओलं करून बघतील. मी ऐकून घ्यायचो.

तात्या धुमाळे मात्र मनानं मोठे. त्यांनी नारळ मागवला, आबांच्या हातात ठेवला, आबांनी तो परत त्यांच्या हातात ठेवला. म्हणाले, “सोयरीक गेली, पर नातं गावलं. देवक एक म्हंजे आपलं रगात एक. पोरीला बोलवा भाईर.”

शालन डोक्यावर पदर घेऊन आली आणि पाया पडली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आजपासनं तू धुमाळ्यांची लेक. चुलत्याकडं काय मागायचं ते माग. लुगडं घेऊ? डोरल्याचं सोनं तर आमीच ठरीवलं हुतं, त्याच्या पाटल्या करू?”

शालननं मान वर केली नाही. पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मला मिरजेला शिकायला जायचंय, तात्या. नर्सिंगचं. पत्र आलंय. एवढं आबांना सांगा.”

आबा चमकले. तात्यांनी आबांकडे पाहिलं, मग म्हणाले, “हात्तिच्या! मग धाडा की, आबा. माझ्या लेकीचं पयलं मागणं हाय, न्हाई म्हणू नका.” मोडलेल्या सोयरिकीनं आधीच ओशाळलेले आबा दारात बसलेल्या पाहुण्याला काय नाही म्हणणार? त्यांनी मलाच सांगितलं, तुळईवरचं पत्र काढ.

स्टुलावर चढून मी ते पत्र काढत होतो तेव्हा मला एकेक सगळं कळत गेलं. पत्रातल्या मुदतीला चार दिवस उरले होते. मी शंभर माणसांवर संशय घेतला असता, दगडाधोंड्यांवर घेतला असता. जिचं लग्न होतं तिला हे लग्न नको असेल, एवढं माझ्या मनाला शिवलं नव्हतं.

दुपारी यल्लाप्पा निघाला तेव्हा मी वेशीपर्यंत बैलाबरोबर चालत गेलो.

“कशासाठी केलंस?” मी विचारलं. “काय दिलं तिनं तुला?”

“काय देणार, मास्तर? पोरगी देवळात आली. म्हणाली, मामा, तुमच्या वहीत माझं नाव दाखवा. मी पानं पलटली. आबांचं हाय, तुमचं हाय, तुमच्या मेलेल्या थोरल्या भावाचं बी हाय. तिचं कुठनं असणार? आमच्या वहीत लेकींची नावंच नसत्यात. माझ्या बानं लिवली न्हाईत, मी लिवली न्हाईत. पोरगी म्हणाली, नाव नसंल तर ऱ्हाऊ द्या, मग एक वेल तेवढी काढू द्या.” त्यानं बैलाचा कासरा सैल सोडला. “साळवण्यांच्या पानावर देवकाची जागा कोरीच हुती. माझ्या बाला बी ठावं नव्हतं. मग मी दौत पुढं केली.”

गोष्ट तिथं मिटायला हवी होती. पण मी भरल्या सोप्यात साक्ष दिली होती. आबांना आपल्या घराण्याची हरवलेली खूण सापडली होती आणि त्यांना त्याचा कोण आनंद! दिवाळीला त्यांनी मलाच दरवाजाच्या चौकटीवर मर्यादवेल काढायला लावली. मी काढली. पुढं भाऊबंदांच्या लग्नपत्रिकांवर ती छापली जाऊ लागली. आता आमच्या पुतण्यांनी व्हॉट्सॲपवर ‘समस्त साळवणे परिवार’ असा ग्रुप काढलाय, त्याच्या गोल चित्रातही ढाल-तलवारीभोवती तीच वेल आहे. मर्यादवेल वाढते समुद्राच्या वाळूत. आमच्या दुष्काळी रानात ती कुठली? म्हणून दर लग्नाला एक माणूस घाट उतरून कोकणात जातो आणि ओल्या फडक्यात वेल घेऊन येतो. हिंदुराव तर भटजींनाही दटावायचा, आमचं मूळ देवक आहे, तुमचे पाच डहाळे चालायचे नाहीत म्हणून. मी तोंड उघडलं नाही.

शालन मिरजेला शिकली, नोकरीला लागली, पुढं आपल्या पसंतीनं लग्न केलं. ते कोर्टात केल्यामुळे देवक बसवायचा प्रश्न आला नाही. बावीस वर्षं तिनं त्या वेलीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वेल आणायला मी स्वतः गेलो. एसटीनं परत आलो तेव्हा शालन आदल्या दिवशीची गाडी पकडून आलेली होती. मांडवात भटजी खोळंबले होते. मी वेलीची पाटी तिच्या हातात दिली. तिनं फडकं बाजूला केलं, एक पान डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“एवढं जाड असतं होय हे?” ती म्हणाली.

“तू कधी पाहिलं नव्हतंस?”

“कुठं बघणार? हेळवी मामा म्हणाले, आपट्यासारखं असतं. मी परसातल्या आपट्याचं पान बघून काढलं.”

ती बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. मी म्हणालो, “छाया छान दिली होतीस. फक्त रेघा उलट्या.”

तिनं पान पाटीत ठेवलं. “म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?”

“बोट ओलं केल्यावर.”

“आणि एवढी वर्षं बोलला नाहीस?”

“तू तरी कुठं बोललीस? मला आधी सांगितलं असतंस तर त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला खोटं बोलावं लागलं नसतं.”

शालन माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तोच मला सोसवेना.

“सांगितलं असतं, दादा,” ती म्हणाली. “तू त्या तीन दिवसांत सगळ्या गावाला विचारत फिरलास. मी चुलीपुढं बसून वाट बघत होते, मला कधी विचारतोस म्हणून.”

आतून भटजींनी पुन्हा हाक मारली. मी पाटीला एका बाजूनं हात लावला, तिनं दुसऱ्या बाजूनं धरली आणि आम्ही साळवण्यांचं देवक बसवायला मांडवात गेलो.